निळ्या धुराची साक्ष



दिवेलागणीला गावावर चुलींचा धूर तरंगू लागला की तो निळसर दिसतो. जुन्या मोटारीच्या मागून निघणारा धूरही कधी कधी तसाच निळा असतो. पहिला धूर पाहून माणसाला घर आठवते. दुसरा पाहिला की गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. कारण शेजारचा कोणीतरी लगेच म्हणतो, "गाडी ऑइल खायला लागली. आता इंजिन उघडावं लागणार." आणि इंजिन उघडणे म्हणजे खिसा उघडणे, हे काय सांगायला पाहिजे?

माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच जीप होती, एका गुरुजींची. ती नावाला गुरुजींची, पण वापर सगळ्या गावाचा. अडलेली बाळंतीण तालुक्याला न्यायची ती त्या जीपमधून, आणि परीक्षेच्या केंद्रावर मुले जायची तीही तिच्यातूनच. एका वर्षी ती निळा धूर ओकू लागली. तालुक्याच्या मिस्त्रीने मागचा धूर एकदा पाहिला आणि निकाल दिला, "रिंग-पिस्टन गेलं." गुरुजींनी भुईमुगाचे आलेले सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले. बोअर झाला, नवे पिस्टन आले, नव्या रिंगा आल्या. पंधरा दिवसांनी जीप घाट उतरून पायथ्याशी आली, गुरुजींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागे पुन्हा तोच निळा ढग! गुरुजी आठ दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

मिस्त्रीचे हात वाईट नव्हते. त्याने एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो प्रश्न कोणता, हे मी शेवटी सांगेन. आधी आपण या निळ्या धुराचा इतिहास पाहू. कारण या धुराची जेवढी कारणे आहेत, त्यांतले बहुतेक प्रत्येक कारण इतिहासात कोणाला ना कोणाला आधी भेटलेले आहे, आणि त्याने त्यावर उपायही शोधलेला आहे. तो इतिहास ठाऊक असला तर धूर वाचता येतो.

कोणत्याही इंजिनाचे मूळ म्हणजे एक नळकांडे आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या. नळकांड्याला आपण सिलिंडर म्हणतो, दट्ट्याला पिस्टन. दट्ट्या सैल असला तर वाफ किंवा वायू बाजूने निसटतो. घट्ट असला तर तो अडकतो. सैलही नको आणि घट्टही नको, ही अडचण इंजिनाच्या जन्मापासूनची आहे. इंग्लंडमध्ये १७१२ साली थॉमस न्यूकोमेन याने खाणीतले पाणी उपसण्यासाठी वाफेचे इंजिन उभे केले. त्याने दट्ट्याला चामड्याची चकती लावली आणि वर पाण्याचा थर ठेवला. फट राहिलीच तर ती पाण्याने बुजायची. युक्ती साधी होती आणि चालूनही गेली.

पुढे जेम्स वॉटने १७६९ साली आपल्या सुधारलेल्या इंजिनाचा हक्क नोंदवला. त्याच्या इंजिनाचे मर्मच असे होते की सिलिंडर सतत गरम राहिला पाहिजे. मग दट्ट्यावर थंड पाणी ठेवून कसे चालेल? तेव्हा वाखाची दोरी चरबीत भिजवून दट्ट्याभोवती गुंडाळण्यात आली. तेल-चरबी सिलिंडरच्या आत शिरली ती अशी. पण दोरी कितीही चांगली असली तरी नळकांडेच वाकडे असेल तर ती काय करणार? १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सन या कारखानदाराने तोफांच्या नळ्या कोरण्याच्या आपल्या विद्येतून सिलिंडर कोरण्याचे यंत्र तयार केले. त्यातून निघालेल्या पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरात एका जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक राहत नाही, असे वॉटचा भागीदार बोल्टन याने मोठ्या समाधानाने लिहून ठेवले आहे. आज आपल्या तालुक्यातल्या लेथवर अर्धा मिलिमीटर बोअर वाढवतात आणि त्यातही केसाहून बारीक माप धरतात, त्या कामाचा पूर्वज म्हणजे विल्किन्सनचे ते यंत्र.

दोरीची जागा धातूने घेतली ती रेल्वेच्या काळात. मँचेस्टरच्या रेल्वे कारखान्यात जॉन रॅम्सबॉटम नावाचे इंजिनियर होते. १८५२ साली त्यांनी दट्ट्याच्या खाचेत बसणारी, एका जागी कापलेली धातूची कडी काढली. दुसऱ्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, म्हणजे हा काळ आपल्याला परका नाही. रॅम्सबॉटम यांची कल्पना अशी की कापलेली कडी स्वतःच्या ताणाने बाहेर फाकते आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहते. पण पहिल्या कड्या एका बाजूने जास्त झिजल्या. कारण शोधता शोधता त्यांना कळले की बाहेर अगदी गोल असलेली कडी सिलिंडरात दाबून बसवली की सर्व बाजूंनी सारखी टेकत नाही. मग १८५४ साली त्यांनी कडी मुद्दामच किंचित बेढब केली, म्हणजे आत बसल्यावर तिचा दाब सगळीकडे सारखा पडावा. अशी कडी चार हजार मैल टिकते असे तेव्हा सांगितले गेले, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर. आज आपण तिला रिंग म्हणतो. तिचे घराणे हे असे आहे.

शिक्षकांनी हा प्रसंग मुलांना जरूर सांगावा. पहिली कडी फसली तेव्हा रॅम्सबॉटम यांनी नुसती नवी कडी बसवून दिली असती तर तीही तशीच झिजली असती. त्यांनी आधी विचारले, ही कुठे झिजली आणि तिथेच का झिजली?

आता आगीकडे वळू. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले आणि १८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारगाडीचा हक्क नोंदवला. वाफेच्या इंजिनात आग बाहेर असते. इथे ती सिलिंडरच्या आतच आली. खाली तेल, वर आग आणि मधे ती रिंग, अशी रचना झाली. तेल भिंतीला लागलेच पाहिजे, नाहीतर लोखंड लोखंडावर घासून दट्ट्या जाम होईल. पण ते आगीत जाता कामा नये. म्हणून वरच्या रिंगा वायू अडवतात आणि खालची रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडून परत खाली पाठवते. खेड्यातली बाई पोळपाटावरचे जादा पीठ हाताने निपटते ना, तसेच. खालची रिंग झिजली, चिकटली किंवा मोडली की तेल वर राहते आणि जळते.

तेल आत शिरायला आणखी एक वाट आहे. सिलिंडरच्या वर झडपा असतात, मिस्त्री ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. प्रत्येक झडपेचा दांडा एका नळीत वरखाली होतो, तिला गाईड म्हणतात. डोक्यावर झडपा असलेल्या इंजिनात या दांड्यांभोवती तेल खेळत असते. गाईड झिजली, किंवा तिच्यावरचे रबराचे सील जुने होऊन कडक झाले, तर तेल दांड्यावरून झिरपत खाली येते. आत येणाऱ्या हवेच्या वाटेवरची झडप असेल तर इंजिन ते तेल ओढूनच घेते.

असे कितीसे तेल जात असेल? शाळेत करण्यासारखे हे गणित आहे. समजा, एक चार सिलिंडरची गाडी ५०० किलोमीटरला एक लिटर तेल खाते. ताशी ५० किलोमीटरने ते अंतर कापायला दहा तास लागतात, म्हणजे ६०० मिनिटे. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर १८ लाख फेरे झाले. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो, म्हणून एका सिलिंडरचे ९ लाख आणि चारींचे मिळून ३६ लाख श्वास झाले. एका लिटरात ढोबळमानाने २० हजार थेंब असतात. म्हणजे १८० श्वासांना तेलाचा एक थेंब! एका श्वासाला थेंबाचा एकशेऐंशीवा भाग. एवढ्याशा तेलाने रस्त्याभर निळी शेपटी उमटते.

आणि ती निळीच का? तेल धड जळत नाही. काही जळते, उरलेल्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. असे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा कमी. जॉन टिंडल यांनी १८६९ साली प्रयोगशाळेत अशा सूक्ष्म कणांवर प्रकाश सोडून निळा रंग दाखवला आणि १८७१ साली लॉर्ड रॅले यांनी त्याचे गणित मांडले. आकाश निळे दिसण्यामागचे तत्त्वही हेच. चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळा दिसतो आणि उजळ आभाळापुढे तपकिरी वाटतो, हे तुम्ही पाहिले असेल. म्हणून गाडीचा धूरही सावलीत, गडद झाडीपुढे पाहावा, म्हणजे रंगात फसगत होत नाही.

मोटारीच्या इतिहासात निळा धूर गाजला तो एका मोठ्या आवडत्या इंजिनामुळे. अमेरिकेत चार्ल्स येल नाइट नावाचे गृहस्थ दूधदुभत्याच्या धंद्यावर शेतकऱ्यांसाठी पत्र काढीत. गावोगाव फिरायला त्यांनी मोटार घेतली, पण तिच्या झडपांच्या खडखडाटाने ते कंटाळले. त्यांनी झडपाच काढून टाकल्या आणि सिलिंडरच्या आत सरकणाऱ्या दोन नळ्या बसवल्या. त्या नळ्यांच्या भोकांतून हवा आत येई आणि धूर बाहेर जाई. इंजिन असे शांत चाले की इंग्लंडच्या डेमलर कंपनीने १९०८ साली ते उचलले. पण एकात एक सरकणाऱ्या त्या नळ्यांना भरपूर तेल लागे, आणि त्यातले पुष्कळसे आगीत जाई. श्रीमंतांच्या गाड्या आवाज न करता, पण मागे निळसर पडदा सोडीत जाऊ लागल्या. १९३० च्या दशकात ही जात मागे पडली. अमेरिकेत विलिस कंपनीही अशा गाड्या काढीत असे. हीच कंपनी पुढे दुसऱ्या महायुद्धात जीपसाठी प्रसिद्ध झाली, आणि स्वातंत्र्यानंतर तिच्याच जीपची जोडणी मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली.

पहिल्या महायुद्धातल्या पुष्कळ विमानांची गोष्ट आणखी मजेची आहे. त्यांचे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरत. पेट्रोल आणि वंगण एकाच पोकळीतून जाई, म्हणून पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे तेल हवे होते. ते कोणते ठरले? आपले एरंडेल! वापरलेले तेल परत येतच नसे. काही जळे, काही उडून वैमानिकाच्या तोंडावर येई. त्या विमानांना निळा धूर हा रोग नव्हताच, तो त्यांचा स्वभाव होता.

अशाच स्वभावाची इंजिने आपण पुढे घरोघरी पाहिली. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास दोन फेऱ्यांचे साधे इंजिन काढले. त्याच्या पोटातूनच हवा आणि पेट्रोल जाते, म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि ते जळतेच. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ पर्यंत ट्राबांट नावाची अशी मोटार निघाली, तीस लाखांहून अधिक. आपल्याकडे लँब्रेटा आणि बजाजच्या स्कूटरी, राजदूत, जावा, आणि रिक्षा याच जातीच्या. पेट्रोलपंपावर मापाने ऑइल ओतून घेतलेले आजही अनेकांना आठवत असेल. २००० सालच्या प्रदूषणाच्या नियमांनंतर ही इंजिने हळूहळू रस्त्यावरून गेली. अशी जुनी स्कूटर कोणी जपली असेल तर तिचा थोडा धूर हा दोष समजू नये. मात्र तो एकाएकी वाढला आणि गिअरबॉक्समधले तेल कमी होऊ लागले, तर क्लचच्या बाजूचे ऑइल सील गेले असे समजावे. त्या वाटेने इंजिन गिअरचे तेल ओढून पिते.

आता आणखी दोन शोध पाहू, कारण त्यांनी पुष्कळांचे पैसे वाचवले. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांत रिंगा काजळीने खाचेत चिकटून बसू लागल्या. रिंगा झिजलेल्या नव्हत्या, पण चिकटलेली रिंग फाकत नाही, म्हणजे ती असून नसल्यासारखी. तेव्हा तेलात काजळी धुऊन काढणारी द्रव्ये मिसळण्यात आली, आणि आज आपण घेतो त्या इंजिन ऑइलची ती सुरुवात ठरली. तेल वेळेवर बदला असे जे सांगतात, त्यामागे ट्रॅक्टरांनी दिलेला हा धडा आहे. दुसरा शोध इंजिनाच्या उसाशाचा. रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली तेलाच्या टाकीत उतरतो. पूर्वी तो एका नळीने रस्त्यावर सोडून देत. १९६० च्या दशकाच्या आरंभी, प्रथम कॅलिफोर्नियात, तो परत इंजिनात नेऊन जाळण्याची सोय नव्या गाड्यांत आली. सोय चांगली, पण ही नळी किंवा तिची झडप तुंबली तर आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या वाटेने वर चढते. दोन रुपयांच्या घाणीने मग दोन हजारांचा रोग भासतो.

आपल्या मुलखात ही विद्या पुस्तकांतून आली नाही, कामातून आली. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला आणि विहिरीवर इंजिन टुकटुक करू लागले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी गेली. त्यानंतर गावोगाव डेपो झाले आणि त्यांत फिटर तयार झाले. असाच एक निवृत्त फिटर आमच्या शेजारच्या वाडीत राहत होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. कोणीतरी गुरुजींना त्याच्याकडे नेले.

अण्णांनी बॉनेट उघडले नाही. आधी विचारले, "गुरुजी, धूर येतो तो कधी?"

गुरुजी म्हणाले, "कधी म्हणजे? येतोच की."

"तसं नव्हे. सकाळी चालू करताना? घाट चढताना? का उतरताना?"

गुरुजी विचारात पडले. मग म्हणाले, "चढताना नाही हो. उतरून खाली आलो, पाय दिला, की भक्कन येतो. आणि सकाळी चालू करताना थोडा."

"मग तुमच्या रिंगा तेव्हाही चांगल्या असतील," अण्णा म्हणाले. ते ऐकून गुरुजींचा चेहरा कसा झाला, ते मला अजून आठवते.

तोच तो राहून गेलेला प्रश्न, श्रोतेहो. घाट उतरताना आपण पाय काढतो, हवेची वाट बंद होते, पण चाकांच्या जोराने इंजिन फिरतच राहते आणि आत जोराची ओढ निर्माण होते. गाईड झिजलेली असेल तर या ओढीने तेल आत जमते, आणि पाय दिला की एकदम जळते. रात्रभर गाडी उभी राहिली तरी तेल दांड्यावरून झिरपते, म्हणून सकाळी एक लोट येतो आणि मिनिटाभरात नाहीसा होतो. उलट, ओझे घेऊन चढ चढताना धूर दाटत असेल आणि पिकअपही गेला असेल, तर संशय रिंगांवर आणि बोअरवर घ्यावा. त्या जीपच्या इंजिनात हवा घेणाऱ्या झडपा डोक्यावर होत्या. त्यांच्या गाईडा झिजल्या होत्या. भुईमुगाच्या पैशाच्या दहाव्या हिश्शातही ते काम झाले नसते काय? झाले असते, आणि पुढे झालेही.

अण्णांची रीत मी तेव्हा समजून घेतली, ती इथे क्रमाने सांगतो. पहिले, धूर निळाच आहे ना? काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. थंड सकाळी पांढरा लोट आला आणि विरला तर ती साधी वाफ. तो विरत नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल तर पाणी आत शिरते आहे. डिझेल गाडीत न जळलेल्या डिझेलचाही धूर पांढरा दिसतो. दुसरे, तेल खरोखर किती जाते? गाडी सपाटीवर उभी करून गजावर खूण पाहावी, आणि किती किलोमीटरला किती तेल घातले ते वहीत लिहावे. अंदाज सांगू नये. तिसरे, फुकटची कारणे आधी. तेल गजावरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले नाही ना? इंजिनाच्या उसाशाची नळी तुंबली नाही ना? जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला हवा गाळायला तेलाचे भांडे असते, त्यात तेल खुणेच्या वर गेले तर इंजिन तेच ओढते. डिझेल इंजिनात तर यात धोका आहे. ते त्या तेलावरच पळत सुटते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

चौथे, इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण जपून सैल करून पाहावे. तिथून भकभक वायू येत असेल तर तो रिंगांच्या बाजूने उतरतो आहे. पाचवे, पेट्रोल गाडीचे प्लग काढून ओळीने मांडावे. ज्या सिलिंडरचा प्लग तेलाने ओला आणि काळा, रोगी तो. सहावे, प्लगच्या भोकात मापक लावून कॉम्प्रेशन पाहावे. कमी भरले तर चमचाभर तेल आत टाकून पुन्हा पाहावे. तेलाने रिंगांची फट बुजते, म्हणून आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले. वाढला नाही तर झडपा नीट बसत नाहीत किंवा हेडचे गॅस्केट गेले. आणि आकडा मुळातच चांगला असून निळा धूर येत असेल तर? मग गाईड आणि सील पाहावे. ती खराब झाली तरी दाब कमी होत नाही, आणि इथेच पुष्कळ मिस्त्री फसतात.

उपायही याच चढणीने करावे, स्वस्ताकडून महागाकडे. पुष्कळ पेट्रोल इंजिनांत डोक्यावरच्या झडपांची सील बदलायला हेड उतरवावेच लागते असे नाही. दट्ट्या खाली असताना प्लगच्या भोकातून सुताची स्वच्छ दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचे, आणि इंजिन हाताने फिरवून दट्ट्या हळूच वर आणायचा. दोरी झडपेला खालून आधार देते, मग स्प्रिंग काढली तरी झडप आत पडत नाही. वॉटच्या दट्ट्याभोवतीची दोरी अशी अडीचशे वर्षांनी पुन्हा सिलिंडरात कामाला येते. गाईडच झिजली असेल तर मात्र हेड उतरवून ती बदलावी.

रिंगांचे काम निघाले तर नुसत्या नव्या रिंगा घालून भागवू नये. बोअरचे माप वर, मधे, खाली आणि आडवे-उभे घ्यावे. तो वरून रुंद आणि अंडाकृती झाला असेल तर विल्किन्सनची वाट धरावी, म्हणजे बोअर करून मोठे पिस्टन घालावे किंवा नवी स्लीव्ह बसवावी. बोअर चांगला असेल तर भिंतीवर तिरप्या बारीक रेघा घासून घ्याव्या. त्या रेघांत तेल टिकते आणि नव्या रिंगा लवकर बसतात. रिंग बोअरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधली फट मोजावी. शंभर मिलिमीटर व्यासाला सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर हे ढोबळ माप आहे, पण कंपनीचे पुस्तक मिळाले तर त्यातलाच आकडा खरा मानावा. रिंगांच्या फटी एका ओळीत ठेवू नयेत. आणि नव्याने बांधलेले इंजिन पहिले काही दिवस ना फार ताणावे, ना तासन्‌तास रिकामे चालू ठेवावे.

कोणी विचारील, जुन्या गाडीचा एवढा घोळ कशाला? धूर येतो तर येऊ द्या, तेल ओतत राहू. पण तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो. शाळेच्या फाटकाशी उभी राहिलेली गाडी मुलांच्या तोंडाच्या उंचीवर धूर सोडते. नंतरच्या गाड्यांत धूर शुद्ध करण्याचे जे भांडे सायलेन्सरच्या वाटेवर असते, ते जळक्या तेलाने निकामी होते. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले, स्कूटरीही विजेवर धावू लागल्या. पण वाडीवस्तीवरची जुनी जीप, जुना ट्रॅक्टर, विहिरीवरचे इंजिन यांना अजून काम आहे आणि त्यांच्या मालकाला नवे घ्यायला पैसे नाहीत. त्याच्या हातातला पैसा एकदाच खर्च होणार असतो. तो योग्य जागी खर्च झाला पाहिजे.

गुरुजींची जीप पुढे बरीच वर्षे चालली. गाईडा बदलल्यावर पहिल्यांदा घाट उतरले, तेव्हा मी मागे बसलो होतो. पायथ्याशी त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम मान वळवून मागे पाहिले. रस्ता स्वच्छ होता. त्या सोमवारी गुरुजींनी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले, "केव्हा येतो?" आणि त्या दिवशीचा विज्ञानाचा सगळा तास त्यावर घेतला. तुमच्या गाडीमागे निळा धूर दिसला, तर मिस्त्रीकडे जाण्याआधी चार दिवस हाच प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर वहीत लिहून न्या. अर्धे निदान तिथेच झालेले असेल.